हळद लागलेला कॉम्प्युटर

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात जुने कॉम्प्युटर वेगवान करण्यावर लेख आला होता. लेख चांगला होता, पण लिहिणाऱ्यानं अडत दुकानात बसून कधी कॉम्प्युटर चालवला नसावा असं वाचताना सारखं वाटत राहिलं. शिवाय वेगावर दीड कॉलम आणि सुरक्षिततेवर शेवटच्या तीन ओळी, हे माप मला उलटं वाटलं. म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय. कात्री लावायचीच तर वेगाच्या भागाला लावा, कुलपाच्या भागाला नको.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. कामाला लागलो तेव्हा लाल कापडाच्या चोपड्या होत्या. रोजकीर्द हातानं, खतावणी हातानं. २००४ साली चाळिशीत एमएस-सीआयटी केलं, वर्गातली बाकीची पोरं माझ्या मुलीच्या वयाची. २०१४ मध्ये शेठनी गादीशेजारी कॉम्प्युटर आणून ठेवला. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क. तेव्हा विंडोज ७ होतं, पुढं १० झालं. तेव्हापासून तो बिचारा आमच्यासारखाच हळदीच्या धुळीत नांदतोय.

गेल्या हंगामात त्यानं अंत पाहिला. सकाळी बटण दाबायचं, गादी झटकायची, देवाला उदबत्ती लावायची, चहावाला येऊन जायचा, कप रिकामा व्हायचा, तरी पडद्यावर ठिपके आपले गोल फिरतायत. एक दिवस घड्याळ लावून पाहिलं, सात मिनिटं. त्यापुढं टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, उघडायला आणखी दोन. सौदे झालेले, तोलाई झालेली, शेतकरी समोर उभा, त्याची गाडी निघायच्या बेतात आणि माझ्याकडून पट्टी, म्हणजे त्याच्या मालाच्या विक्रीचा हिशेब, निघेना. "दिवाणजी, हातानं लिहून द्या की," म्हणाला एकजण. लाज वाटली.

धाकटे शेठ म्हणाले, "भंगारात घाला हे डबडं, नवा घेऊ." त्याआधी एक दुरुस्तीवाला बोलावला होता. त्यानं झाकणाचा एक स्क्रूही न काढता मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं. नाव लिहीत नाही, रोज एकमेकांची तोंडं बघायची असतात.

मग आमच्या शेजारचा, पॉलिटेक्निकला जाणारा पोरगा आला. "काका, आधी उघडून तरी बघू." उघडलं, तर आत पिवळंधमक. प्रोसेसरवर अॅल्युमिनियमच्या पात्या असतात, त्यावर पंखा. त्या पात्यांच्या फटींत हळदीची पूड आणि बारदानाची तूस मिळून घोंगडीसारखा थर बसला होता. नखानं खरवडला तर अख्खा तुकडा निघून आला. दारात पोतं टेकवून उभा राहिलेला हमाल वाकून म्हणाला, "दिवाणजी, ह्याला तर हळद लागलीया. लगीन कधी?"

हसणं झालं, पण दुखणं तेच होतं. वारा लागला नाही की प्रोसेसर तापतो, आणि जळू नये म्हणून स्वतःच चाल कमी करतो. म्हणजे यंत्र म्हातारं झालेलं नसतं, त्याला धाप लागलेली असते. पीठगिरणी, मिरची कांडप, सिमेंटचं दुकान, रस्त्याकडेची झेरॉक्स, या सगळ्यांनी वर्षातून दोनदा तरी झाकण उघडावं. विजेची पिन काढून ठेवायची, मग बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यायची, आणि आतल्या भागांना हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. रंगाचा मऊ ब्रश आणि हातातला ब्लोअर पुरतो. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवायची, नाहीतर तो झोतानं भन्नाट फिरतो आणि बेअरिंग जातं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नये, त्याच्या नळीत स्थिर वीज तयार होते. पंखा पात्यांसकट काढलाच तर त्याखालची, उष्णता पात्यांपर्यंत पोचवणारी, जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवी लावायची, मटारच्या दाण्याएवढी. आमच्या पोरानं पहिल्यांदा पुरणपोळीवर तूप ओतावं तशी ओतली, ती पुसण्यात अर्धा तास गेला.

तरीही तो सुसाट झाला नाही. मग पोरानं कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडून दाखवला. प्रोसेसर निवांत, आणि 'डिस्क' या रकान्यात शंभर टक्के. ही खूण ज्यांच्याकडं दिसते त्यांनी पुढचं नीट वाचावं. जुनी हार्ड डिस्क म्हणजे मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी आणि तिच्यावर इकडून तिकडं पळणारा दांडा. दर नोंदीला माळ्यावर चढून चोपडी शोधणारा गडी ठेवल्यासारखं आहे ते. एसएसडीत, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नसतं. सलग वाचायचं तर हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देते आणि साटा जोडणीची साधी एसएसडी पाचशेच्या आसपास. पण खरा फरक त्याहून मोठा, कारण विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली विखरून वाचते आणि त्या शोधाशोधीतच दांडा थकतो. २४० जीबीची एसएसडी बसवली, जुन्या डिस्कवरची नक्कल न घेता विंडोज कोरी टाकली, आणि सात मिनिटांची पंचवीस सेकंदं झाली. उदबत्ती पेटवायच्या आत पडदा हजर.

रॅम चारची आठ केली. त्यात आमचं हसं झालं. पोरानं डीडीआर-४ ची पट्टी मागवली, आमच्या मदरबोर्डाला डीडीआर-३ लागते. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळं बसतच नाही. दाबून बसवायला गेलात तर खोबण जाईल. मागवण्याआधी जुनी पट्टी काढून तिच्यावरचं लेबल वाचा, एवढंच. सगळा खर्च तीन हजारांच्या आत बसला. नवा घ्यायचा तर पन्नास हजारांचा बेत होता.

आणखी एक, ज्यासाठी खिशातला रुपयाही लागत नाही. त्याच टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप' नावाची यादी असते. आमच्या यादीत, केव्हाच विकून टाकलेल्या प्रिंटरचा मदतनीस रोज सकाळी उठून प्रिंटर शोधत होता. धाकट्या शेठनी कॉलेजात असताना घातलेला एक गेम होता. अशा फुकट्या पाहुण्यांना तिथं उजवं बटण दाबून 'डिसेबल' करायचं. मात्र 'तुमचा कॉम्प्युटर दसपट वेगवान करतो' म्हणणारी सॉफ्टवेअर घालू नका. 'तुमच्यात तीनशे व्हायरस सापडले' अशी पाटी इंटरनेटवर अचानक झळकली तर तीच पाटी व्हायरसाची दारवान समजावी.

आता आतल्या बॅटरीच्या सेलची गोष्ट, कारण तिच्यापायी मी नऊशे रुपये घालवलेत. दोन वर्षांपूर्वी एके सकाळी बँकेचं पान उघडेना. 'तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही' असा लाल इशारा. जीएसटीचंही तेच. दुरुस्तीवाला म्हणाला व्हायरस, आणि अँटिव्हायरस घालून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी माझी नजर कोपऱ्यातल्या तारखेवर गेली. १ जानेवारी २०१३! मदरबोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखा एक सेल असतो, सीआर-२०३२, तीन व्होल्टचा. वीज नसताना घड्याळ तो चालवतो. आम्ही पेठेतली माणसं रात्री मेन स्विच पाडून घरी जातो, त्यामुळं रोज रात्रभर भार त्या सेलवर. तो संपला की तारीख मागं जाते, आणि बँकेच्या संकेतस्थळाचं प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचं असल्यानं कॉम्प्युटरला वाटतं, हे तर अजून सुरूच झालेलं नाही, खोटं दिसतंय. कॉम्प्युटर त्याच्या जागी बरोबरच होता. घड्याळाच्या दुकानात चाळीस रुपयांना सेल मिळाला. तो बसवून तारीख लावली, काम झालं.

इथपर्यंत आपल्या लेखाशी माझं भांडण नाही. भांडण पुढं आहे.

आमच्या त्या डबड्यात शेठचा हिशेब आहे, तसेच शेतकरीही आहेत. वाळव्याचे, तासगावचे, पलीकडं कर्नाटकातूनही हळद घेऊन येणारे. त्यांची नावं, मोबाइल, बँकेचे खाते क्रमांक, पासबुकाच्या पहिल्या पानाचे फोटो, काहींच्या आधारच्या झेरॉक्स स्कॅन केलेल्या. पट्टीचे पैसे खात्यावर जमा करायचे तर हे सगळं लागतं. शेतकऱ्यानं आमच्यावर विश्वास टाकून माल उतरवला तसे हे कागदही उतरवलेत. मालाला आम्ही रात्री वॉचमन ठेवतो, आणि या कागदांच्या दाराला २०१४ पासून पासवर्ड होता १२३४५. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण खरं आहे, आणि पेठेत माझ्यासारखे मी एकटाच नसणार.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा, म्हणजे सुरक्षेची नेहमीची अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बऱ्याच जणांना वाटलं त्या दिवशी कॉम्प्युटर बंद पडेल. बंद पडला नाही, म्हणून मग वाटलं अफवाच होती. दोन्ही चूक. कॉम्प्युटर चालतच राहतो, फक्त यापुढं त्यात नवं भगदाड सापडलं तर ते आपोआप बुजवून मिळणार नाही. भगदाड बुजवलेलं नसलं की काय होतं ते मे २०१७ मध्ये जगानं पाहिलं. वॉनाक्राय नावाची, फायली कुलूपबंद करून पैसे मागणारी खंडणीची लागण दीडशेवर देशांत पसरली. मायक्रोसॉफ्टनं त्या भगदाडाचं ठिगळ दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिलं होतं. ज्यांनी 'अपडेट नंतर करू' म्हणून खिडकी मिटली ते बुडाले. यात कोणी चुकीची लिंक दाबायचीही गरज नव्हती. एका जाळ्यातल्या एका मशीनवरून दुसऱ्यावर ती आपली आपण जात होती.

विंडोज ११ आमच्या मशीनवर अधिकृतपणे जात नाही. त्याला इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनची चिप आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. ज्यांचा कॉम्प्युटर २०१८ नंतरचा आहे त्यांनी मात्र घाई करू नये. पुष्कळदा टीपीएम आत असतं, नुसतं बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगांत, बंद असतं. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' चालवून बघावं आणि मगच नव्याचा विचार करावा. अट चुकवून ११ घालून देणारेही भेटतील, पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच अशी हमी कंपनी देत नाही. घरगुती वापराच्या विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात, पण त्यासाठी सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावर नाव नोंदवावं लागतं. आपोआप होत नाही. व्यवसायांसाठी वेगळी, पैसे मोजून घ्यायची सोय आहे.

आम्ही काय केलं ते सांगतो. धाकट्या शेठना त्यांचा नवा लॅपटॉप मिळाला, तेही खूश. बँक, जीएसटी, ई-वे बिल आणि ईमेल त्यावर. शेतकऱ्यांचे स्कॅन केलेले कागदही तिकडं, पासवर्ड लावलेल्या फोल्डरात. जुन्यावर फक्त टॅली आणि पट्ट्यांची छपाई, आणि त्याची इंटरनेटची वायर मी स्वतः उपटून ड्रॉवरात ठेवली आहे. दोन्हींच्या मध्ये ये-जा करणारा पेनड्राइव्ह एकच, दुकानाचा, आणि तो दुसरीकडं कुठंही लागत नाही. पूर्वी फोटो स्टुडिओपासून झेरॉक्सपर्यंत सगळीकडं फिरून यायचा आणि येताना सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट करून ठेवणारा व्हायरस घेऊन यायचा.

लॅपटॉपवर माझं खातं साधं आहे, अॅडमिनिस्ट्रेटरचं वेगळं. त्यामुळं माझ्या चुकीच्या क्लिकनं काही बसायला लागलं तर तो आधी पासवर्ड मागतो, आणि मला विचार करायला अर्धं मिनिट मिळतं. या वयात ते अर्धं मिनिट फार मोलाचं. विंडोजबरोबर येणारा डिफेंडर हा अँटिव्हायरस चालू ठेवलाय. दोन-दोन अँटिव्हायरस एकदम घातले की ते एकमेकांतच भांडतात आणि मशीन पुन्हा रडकुंडीला. फुकट विंडोज 'अॅक्टिव्हेट' करून देणारं क्रॅक मात्र कायमचं हद्दपार. ते घालताना पहिली सूचना येते, अँटिव्हायरस बंद करा. घरात शिरणाऱ्यानं आधी कुत्रा बांधायला सांगितला तर आपण काय समजतो?

कर सल्लागाराच्या कार्यालयातून दुरून स्क्रीन बघण्याचं अॅप घालायला सांगतात. त्या कामापुरतं घाला, काम झालं की काढा. फोनवरून कुणी अनोळखी ते घालायला सांगत असेल तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी अडवता आले तर आले.

आता नकलेचं, म्हणजे बॅकअपचं. आमच्या ओळीतल्या एका दुकानात अशीच खंडणीची लागण झाली. सकाळी उघडलं तर सगळ्या फायलींची आडनावं, म्हणजे नावामागची अक्षरं, बदललेली आणि डेस्कटॉपवर पैसे मागणारी चिठ्ठी. त्यांच्याकडं बॅकअप होता हो! पण तो बाहेरच्या डिस्कवर, आणि ती डिस्क रात्रंदिवस जोडलेलीच. तीही कुलूपबंद झाली. शेवटी दोन दिवाणजींनी छापील पट्ट्यांवरून अख्खं वर्ष पुन्हा चढवलं.

आणि आमची स्वतःची फजिती वेगळीच. मी शहाणा, बॅकअपची डिस्क दुकानात न ठेवता घरी, गावभागात, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवायचो. ऑगस्ट २०१९ ला कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं. पंचेचाळीसला धोक्याची पातळी. आम्ही अंगावरच्या कपड्यानिशी निघालो, डिस्क कोणाच्या लक्षात? पाणी ओसरल्यावर कप्पा उघडला तर चिखलाची वीट. २००५ चा पूर याच घरात बघितलेला माणूस मी, आणि डिस्क खालच्या कप्प्यात ठेवली.

तज्ज्ञ सांगतात, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. सांगलीकरानं त्यात एवढंच वाढवावं, की ती दुसरी जागा पूररेषेच्या बाहेर हवी. आता दर शनिवारी सौदे आटपले की मी डिस्क जोडतो, नक्कल घेतो, काढतो. दुसरी डिस्क मुलीकडं विट्याला असते, ती महिन्यातून एकदा येते-जाते. दोन्ही डिस्कना विंडोजच्या बिटलॉकरचं कुलूप, म्हणजे एसटीत पिशवी राहिली तरी शेतकऱ्यांचे खाते क्रमांक कुणाच्या हाती लागायचे नाहीत. बिटलॉकरच्या रिकव्हरी कीचा कागद मात्र शेठच्या तिजोरीत. तो हरवला तर डिस्क म्हणजे पुन्हा वीटच, चिखलाशिवायची. बिटलॉकर विंडोजच्या प्रो आवृत्तीत मिळतं, होममध्ये असं डिस्कला लावता येत नाही, हे घेताना बघावं. आणि दर दोन-तीन महिन्यांनी त्या डिस्कवरून एखादी जुनी पट्टी उघडून बघतो. न उघडणारी नक्कल काय कामाची?

घरच्या आणखी जुन्या कॉम्प्युटरवर पोरानं विंडोजऐवजी लिनक्स मिंट घातलं. फुकट आहे, दोन-चार जीबी रॅमवर बरं चालतं, अपडेटही येतात. टॅली त्यावर सरळ चालत नाही म्हणून दुकानात नाही जमलं. घरी अडचण एकच आली. सौ.च्या भजनी मंडळाचे अभंग जुन्या श्रीलिपी फाँटात टाइप केलेले, ते उघडले तर सगळे इंग्रजी अक्षरांचे चिमटे-काटे. ते युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडणाऱ्या मराठीत, फिरवून घ्यायला दोन संध्याकाळी गेल्या. ज्यांच्याकडं सोसायटीची, देवस्थानची, शाळेची जुनी मराठी इतिवृत्तं तशा फाँटात आहेत त्यांनी जुनं मशीन जिवंत आहे तोवर हे काम उरकावं.

आता आपल्यामार्फत दोन मागण्या. सांगलीत अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, पॉलिटेक्निक आहे, आयटीआय आहे. हंगाम संपल्यावर, जूनमधल्या एखाद्या रविवारी, त्यांच्या विद्यार्थ्यांनी यार्डात यावं. झाकणं उघडावीत, धूळ काढावी, पासवर्ड बदलून द्यावेत. पोरांना सराव मिळेल, आणि चहा-भडंग आमच्याकडून. दुसरी मागणी बाजार समितीकडं. दुकानातला वजनकाटा तपासून घ्यावा लागतो. तसं शेतकऱ्यांचे कागद ठेवणाऱ्या कॉम्प्युटरची वर्षातून एकदा तपासणी व्हावी. काट्यात खोट निघाली तर पेठ पेटून उठते. इथं खोट दिसत नाही इतकंच.

जाता जाता, ती जुनी पाचशे जीबीची डिस्क. भंगारवाला शंभर रुपये द्यायला तयार होता. फायली डिलीट केल्या तरी आत खुणा राहतात, जाणकाराला परत काढता येतात. म्हणून ती विकली नाही. आमच्या त्याच हमालाकडं दिली. त्यानं ती दगडावर ठेवून ड्रिल मशीननं तीन भोकं पाडली, आणि मग ई-कचऱ्यात गेली.

आपला,
एक दिवाणजी, मार्केट यार्ड, सांगली

ता.क. हे पत्र त्याच कॉम्प्युटरवर टाइप केलंय आणि पेनड्राइव्हवरून लॅपटॉपवर आणून पाठवतोय. फाइलवर पडलेली तारीख बरोबर आहे, सेल नवा आहे.